मुलांचा पलंग: पाळण्यापासून बारावीपर्यंत, आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटपासून चालत पाच मिनिटांवर आमचं छोटं वर्कशॉप आहे. पलंग, दिवाण, कपाटं करतो. मुलांच्या पलंगासाठी येणारे आई-बाबा, आणि त्यांच्याहून जास्त आजी-आजोबा, साधारण तेच प्रश्न विचारतात. फोनवर रोज तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवलं. यात सुताराचं मत आहे. बाळाच्या झोपण्याबद्दल जे लिहिलंय ते बालरोगतज्ज्ञांच्या सर्वमान्य सूचनांमधलं आहे, तरी आपल्या डॉक्टरांना विचाराच.

बाळ अजून व्हायचंय. आत्ताच चांगला पलंग करून ठेवू का?

नको. धंद्याचं नुकसान करून सांगतो, पहिल्या वर्षासाठी काही विकत घेऊ नका, मागून आणा. जन्मताना बाळ साधारण ५० सेंटिमीटरचं असतं, वर्षाचं होईतो ७५ च्या आसपास जातं, दोन वर्षांचं ८७ च्या आसपास आणि पाचव्या वाढदिवसाला ११० च्या पुढेमागे. म्हणजे ज्या मापाची वस्तू तुम्ही बारशाला घ्याल ती उष्टावणापर्यंतच तोकडी पडायला लागते. पाळणे म्हणूनच घराण्यात फिरतात. मामाकडून आत्याकडे, आत्याकडून शेजारी. तो फिरता ठेवा.

आजोळी लाकडी पाळणा आहे, माझ्या आईलाही त्यातच झोपवलं होतं. वापरू ना?

वापरा, पण आधी माझ्यासारखा एखादा सुतार बोलावून दाखवा. आमच्याकडे आलेल्या जुन्या पाळण्यांत तीन गोष्टी हमखास सापडतात.

एक, दांड्यांमधली फट. ती ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. जुने पाळणे कातीव दांड्यांचे, शोभेचे असतात आणि फट चांगली चार बोटांहून मोठी असते. बाळाचं अंग त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं. उपाय सोपा आहे, मधे एकेक दांडी वाढवायची. अर्ध्या दिवसाचं काम.

दोन, कड्या. वाड्यात पाळणा तुळईच्या कडीला टांगलेला असायचा. आता तो लोखंडी स्टँडवर येतो. साठ वर्षं झोके घेऊन कडीचा गोल एका बाजूनं झिजलेला असतो. वरवर कळत नाही, हातात घेऊन फिरवली की कळतं. कड्या, साखळी आणि खिळे नवे घाला.

तीन, रंग. लाल-पिवळा-हिरवा जुना तैलरंग असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरली ती २०१६ च्या नियमानं, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. दात येणारं बाळ पाळण्याची कड चावतंच. पण म्हणून घरात बसून पॉलिश पेपरनं घासायला जाऊ नका, ती धूळ रंगापेक्षा वाईट. घराबाहेर, ओलं करून, जाणकाराकडून काढून घ्या.

आणि बाळ पालथं पडायला लागलं, हातावर उठायला लागलं, की पाळणा बंद. घरातल्यांना वाईट वाटतं, कारण अजून तर सगळे हौसेनं झोके देत असतात. पण तोल जातो तो नेमका याच महिन्यांत.

साडीची झोळी चालते का?

झोळीवर महाराष्ट्रातली अर्धी लेकरं मोठी झाली. उसाच्या फडात, वीटभट्टीवर आजही दुसरी सोय नसते. तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी झोळी डोळ्यांसमोर, थोड्या वेळापुरती ठेवावी. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि लहानग्याचा श्वास त्यानं अडू शकतो. रात्रभराची झोप सपाट जागेवरच. दुसरं, बाळ बाहेर काढलं की झोळी सोडून ठेवा. मोठी भावंडं तिच्यात खेळायला जातात, गरागरा फिरतात, पीळ बसतो आणि गळ्याला फास लागतो. असे अपघात खरोखर झालेले आहेत.

क्रिब घ्यायची म्हणतोय. काय बघू?

क्रिब म्हणजे चारी बाजूंनी दांड्यांचा कठडा असलेला बाळाचा पलंग. दिसायला काय छान आहे ते सोडून सगळं बघा. दांड्यांची फट वर सांगितली तीच. गादी घट्ट हवी, हातानं दाबून सोडली की लगेच सपाट होणारी. गादी आणि चौकट यांच्या मधे दोन बोटं मावली तर ती गादी त्या क्रिबची नव्हे. खाली सरकणाऱ्या बाजूची क्रिब घेऊ नका. ती बाजू निखळून मुलं अडकल्यामुळे अमेरिकेत २०११ पासून अशा क्रिबच्या विक्रीवर बंदी आहे, पण आपल्याकडे जुन्या बाजारात त्या अजून फिरताना दिसतात.

आत काय ठेवायचं? ताणून बसवलेली चादर, बाकी काही नाही. उशी नाही, लोड नाहीत, कडेनं बांधायची मऊ गादी नाही, टेडी नाही. इथं आजीशी वाद होतो तो राईच्या उशीवरून. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात. डॉक्टर मंडळी झोपेच्या वेळी ती नको म्हणतात. बाळ जागं असताना, कुणी समोर असताना थोडा वेळ पोटावर खेळवलं तर डोक्याच्या एकाच भागावरचा भार आपोआप कमी होतो. झोपवताना मात्र उताणंच.

अंथरुणात आम्ही तिघं एकत्रच झोपतो, क्रिबची गरज आहे का, असंही खूप जण विचारतात. बाळ पहिले किमान सहा महिने आई-वडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट अंथरुणावर असावं, ही सर्वसाधारण सूचना. त्यासाठी क्रिबच हवी असं नाही. तुमच्या पलंगाशेजारी हाताच्या अंतरावर घट्ट, छोटी गादी टाकली तरी ते वेगळं अंथरूणच आहे.

क्रिबमधून मोठ्या पलंगावर कधी न्यायचं?

वयापेक्षा उंची बघा. मूल उभं राहिल्यावर क्रिबची वरची कड त्याच्या छातीपर्यंतच येत असेल, किंवा उंची ८९ सेंटिमीटरच्या आसपास गेली असेल, तर त्या रात्रीपासूनच. एकदा पाय वर टाकून बघितला तरी तीच गोष्ट. बहुतेकांच्या बाबतीत ही वेळ दीड ते तीन वर्षांच्या मधे येते.

तोपर्यंत थेट जमिनीवर गादी टाकली तर?

उत्तम. पडायची भीतीच नाही. आमच्याकडे दीड-दोन वर्षांच्या मुलाचा पलंग करायला आलेल्यांना मी आधी हेच सुचवतो, सहा महिने जमिनीवर काढा आणि मग या.

पथ्यं दोन. सकाळी गादी उचलून भिंतीला उभी करा. पूर्वी घरोघरी अंथरुणं गुंडाळून ठेवायची पद्धत होती ती उगीच नव्हती. फरशीवर पडून राहिलेल्या गादीच्या पोटाला पावसाळ्यात बुरशी धरते, आणि ती चादर काढेपर्यंत कुणालाच दिसत नाही.

दुसरं पथ्य गावाकडच्यांसाठी, आणि ते कडक आहे. कोकणात, शेतावर, बैठ्या घरात जमिनीवर झोपवू नका. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात येऊन चावते, आणि तिचा दंश इतका बारीक असतो की कित्येकदा जागही येत नाही. तिथं बाजच बरी. मच्छरदाणी लावा आणि तिची कड चारी बाजूंनी गादीखाली खोचा. विंचवासाठीही हेच.

‘मुलासोबत वाढणारा’ पलंग मिळतो तो घ्यावा का?

या प्रश्नासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

असे पलंग दोन प्रकारचे. एक, क्रिबची एक बाजू काढून छोटा पलंग, पुढे त्याचाच दिवाण, पुढे त्याच्याच बाजूंचा मोठ्या पलंगाला टेका. ऐकायला फार सुंदर. प्रत्यक्षात तीन वर्षांनी वेगळे बोल्ट लागतात, जोडपट्ट्या लागतात आणि त्या माळ्यावरच्या नेमक्या कोणत्या पिशवीत आहेत हे कुणाला आठवत नाही. शिवाय माल पार्टिकल बोर्डाचा असेल तर एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही. तिसऱ्यांदा तर भुगाच बाहेर येतो.

दुसरा प्रकार लांबीनं ओढून वाढवायचा. याची रचना चांगली असते. नवी मुंबईत तुर्भ्याला आयकियाचं दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडल्यापासून तिथं असा पलंग बघून आलेले लोक फोटो दाखवतात. खोली अगदीच लहान असेल तर जरूर विचार करा. फक्त रुंदी बघून घ्या. युरोपी मापात ती बहुधा ८० सेंटिमीटर असते आणि आपली सिंगल गादी ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटिमीटर. पुढे गादी बदलायची वेळ आली की आपल्या कोपऱ्यावरच्या गादीवाल्याकडून वेगळ्या मापानं करून घ्यावी लागते.

तिसराही एक आहे, मुलांच्या मापाचा. साडेचार-पाच फुटी, मोटारीचा किंवा राजवाड्याचा आकार. माझ्या मुलासाठी मीच हौसेनं साडेचार फुटांची लाल मोटार केली होती, दिवे लागणारी. तिसरीत त्याचे पाय बोनेटवर आले. त्यानंतर चार वर्षं ती मोटार गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं वाहत होती. हिशेब करून बघा, झोपणाऱ्याच्या उंचीपेक्षा पलंग १५ सेंटिमीटर तरी लांब हवा. पाच फुटांचा पलंग म्हणजे १५२ सेंटिमीटर, म्हणजे १३७ सेंटिमीटरच्या मुलापर्यंत. बहुतेक मुलं तिथं नऊ-दहाव्या वर्षी पोचतात.

म्हणून माझं म्हणणं असं. लांबी पहिल्याच दिवशी पूर्ण द्या, वाढू द्यायची ती उंची. तीन वर्षांच्या मुलाला साडेसहा फुटांचा पलंग मोठा होत नाही, उरलेल्या जागेत ते पुस्तकं, बाहुल्या आणि झोपवायला आलेला बाबा ठेवतं. त्याला अडचण होते ती पलंगाच्या उंचीची. त्यामुळे आम्ही चौकट पूर्ण मापाची करतो आणि पाय बदलते ठेवतो.

बदलते पाय म्हणजे नेमकं काय?

चौकटीच्या चार कोपऱ्यांत आतून जाड ठोकळे आणि त्यांत नट बसवलेले. पायाला वरून बोल्ट. पहिले पाय ५-६ इंचांचे, म्हणजे चौकट आणि ४ इंची गादी धरून झोपायची पातळी जमिनीपासून फुटभर. साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी ते काढून १० ते १२ इंचांचे पाय लावायचे, की पातळी दीड फुटावर, मोठ्या माणसाच्या पलंगाइतकी येते. खाली खोकी किंवा सरकते खण मावायला लागतात. दोन्ही संच एकाच लाकडातून, एकाच वेळी करून घ्या, पॉलिशचा रंग जुळतो. खर्चात फार फरक पडत नाही. मूल पलंगाच्या कडेला बसलं की पावलं पूर्ण टेकली पाहिजेत, इतकी साधी खूण आहे.

गादीच्या दुकानात ७२, ७५, ७८ अशी मापं सांगतात. कोणतं घ्यायचं?

७८ बाय ३६. म्हणजे साडेसहा फूट बाय तीन फूट. ७८ इंच म्हणजे १९८ सेंटिमीटर, त्यात सहा फुटी मुलगाही आरामात मावतो. ७२ चा पलंग घेऊन सहा इंच जागा वाचवलेले लोक मुलगा नववीत गेला की परत येतात. खोलीत जागा असेल तर रुंदी ४२ करा, कारण आजारपणात शेजारी कुणीतरी झोपणारच. फक्त एक लक्षात ठेवा, आधी गादी ठरवा, मग चौकट. चौकट आतून गादीपेक्षा ४ सूत, म्हणजे अर्धा इंच, मोठी ठेवतो आम्ही. त्याहून जास्त नाही, नाहीतर गादी सरकते आणि फट पडते.

पायाकडची उभी फळी टाळा. मूल उंच निघालं तर पाय बाहेर काढायला जागा राहते.

रेलिंग लावायची का?

खाली आठ-दहा इंचांच्या पातळीवर झोपणाऱ्या मुलाला सतरंजी पुरते. फुटाच्या वर गेलात तर दोन ते पाच वर्षांपर्यंत लावा. गादीच्या वर ५ इंच तरी उंच हवी आणि पलंगाला बोल्टनं पक्की हवी. गादीखाली खोचायच्या, कापडी जाळीच्या रेलिंग बाजारात मिळतात. त्या ढिल्या झाल्या की गादी आणि जाळीच्या मधे खळगा होतो आणि मूल त्यात घसरतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अशी रेलिंग लावून मोठ्या पलंगावर ठेवणं हा तर क्रिबला पर्यायच नाही. हीच फट भिंतीशीही होते. पलंग भिंतीला लावायचा तर चिकटूनच लावा आणि सरकू नये म्हणून पायांना रबर ठोका.

दोन मुलं, एक खोली. बंक बेड करून द्या ना.

करून देतो. पण ऑर्डर घेण्याआधी मी घरी येऊन वर बघतो. सगळे जण जमिनीची जागा मोजतात, पंखा कुणीच मोजत नाही.

दहा बाय दहाची खोली घ्या. पंखा मधोमध, म्हणजे भिंतीपासून ५ फुटांवर. नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे मधल्या दांड्यापासून पात्याचं टोक २ फुटांवर. म्हणजे भिंतीपासून ३ फुटांवर पातं फिरतंय. आणि तुमचा भिंतीला लावलेला बंक बेड आहे ३ फूट रुंद. पात्याचं टोक बरोबर पलंगाच्या कडेवर येतं.

आता उंची. खालच्या मुलाला ताठ बसता यायला हवं, म्हणून वरची गादी जमिनीपासून साधारण ५ फुटांवर जाते. नवीन इमारतींत छत नऊ-साडेनऊ फुटांवर, पंखा त्याच्या खाली फुटभर. आठ वर्षांचं मूल वरती नुसतं बसलं तर डोकं सव्वासात फुटांपर्यंत. हात वर केला की पात्यात. उभं राहून उडी मारली तर बोलायलाच नको, आणि वरच्या मजल्यावर चढलेलं मूल उडी मारतंच.

त्यामुळे बंक बेड हवा तर मधला पंखा काढा आणि भिंतीवरचा पंखा अशा जागी लावा जिथं वरून हात पोचणार नाही. हे मान्य नसेल तर मी काम घेत नाही. एक-दोन गिऱ्हाइकं रागावून गेलीत, जाऊ देत.

बाकीचे नियम पटकन सांगतो. सहा वर्षांखालचं मूल वर झोपवायचं नाही, खेळायलाही नाही. वर चारी बाजूंनी कठडा, भिंतीच्या बाजूलाही. कठडा गादीच्या वर ५ इंच उरला पाहिजे, म्हणून वरती ८ इंची जाड गादी टाकून कठडा गिळून टाकू नका, ४ इंची पुरे. कठड्यातली फट ९ सेंटिमीटरपेक्षा कमी. शिडीला गोल नळ्यांऐवजी सपाट, रुंद पायऱ्या, झोपेत उतरताना तळव्याला रुततात त्या नळ्या. वरच्या कठड्याला ओढणी, दोरी, उडी मारायची दोरी काही बांधू द्यायचं नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत बोल्ट आवळायचे.

आणि मच्छरदाणी, ताप आलेल्या मुलाला वरून उतरवणं, रात्रीची शू, चादर बदलणं. चादर बदलणं हे काम आईनं एकदा करून बघावं आणि मग ठरवावं.

बंक नको, तर दुसरं काय?

ट्रंडल. मोठ्या पलंगाच्या खालून चाकांवर दुसरा पलंग बाहेर येतो. वन बीएचकेत हॉलमधल्या दिवाणाखालीही बसतो. खालच्याची गादी ४ इंचाच्या वर जाऊ शकत नाही, चाकं ब्रेकची घ्या, आणि तो बाहेर ओढायला समोर तीन फूट मोकळी जमीन लागते हे आधी मोजा. नाहीतर रोज रात्री टेबल सरकवावं लागतं, आणि पंधरा दिवसांनी धाकटा आई-बाबांच्या खोलीत झोपायला जातो.

लाकूड कोणतं?

सागाला पर्याय नाही असं टिंबर मार्केटमध्ये कुणीही सांगेल, आणि चंद्रपूर-बल्लारशाकडचा साग, ज्याला बाजारात अजूनही ‘सीपी टीक’ म्हणतात, तो हातात घेतला की पटतंही. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये चंद्रपूरहूनच साग गेला. पण मुलाच्या पलंगाला सगळा साग लागत नाही. चौकट आणि पाय सागाचे, खालच्या फळ्या चांगल्या प्लायच्या, एवढं पुरतं. रबरवुडही वाईट नाही, फक्त ओल आणि वाळवीपासून जपावं लागतं.

प्लाय घेताना शिक्का वाचा. आयएस ३०३ (आयएस म्हणजे भारतीय मानक) मध्ये दोन प्रती येतात, साधी एमआर आणि उकळत्या पाण्याला टिकणारी बीडब्ल्यूआर. आयएस ७१० म्हणजे मरीन. पलंगाला बीडब्ल्यूआर भरपूर झाली, मरीनचे पैसे बाथरूमच्या दारासाठी ठेवा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड दिसतं गुळगुळीत, पण एकदा पुसायचं पाणी कडेतून आत गेलं की फुगतं आणि परत बसत नाही. शू करणाऱ्या वयाच्या मुलाच्या पलंगाला तर नकोच.

वासाचंही बघा. बोर्डातल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड येतं, डोळे चुरचुरतात तो वास. ई-१ किंवा ई-० लिहिलेला, म्हणजे ते कमी सोडणारा, माल मागा, आणि नवीन पलंग आला की आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवून मगच मुलाला झोपवा. आमच्याकडचा मिस्त्री पॉलिश झाल्यावर पलंग पंधरा दिवस सोडतच नाही. गिऱ्हाईक घाई करतं, तो ऐकत नाही. कोपरे सगळे गोल करून घ्या, एक रुपयाच्या नाण्याइतके तरी.

गादी कापसाची की फोमची?

मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत कापसाची. रात्री गादी ओली होणं पाच वर्षांपर्यंत अगदी साधी गोष्ट आहे, त्यात मुलाला रागवण्यासारखं काही नाही, आणि कापूस उन्हात टाकला की सुकतो. फोम आतून वाळत नाही. कापसाची गादी दाबली जाते, गोळे होतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यायची. गल्लीत धनुकली टणत्कारत येणारा पिंजारी आता क्वचित दिसतो, पण मशीनवर पिंजून देणारी दुकानं पेठांतून आहेत. वर पाणी न झिरपणारं आवरण घाला, गादीचं आयुष्य दुप्पट होतं.

पुढे ४ ते ५ इंची काथ्याची, वर पातळ फोमचा थर असलेली गादी घ्या. घट्ट असते आणि उन्हाळ्यात तापत नाही. मुलाला दमा किंवा सकाळच्या शिंकांचा त्रास असेल तर कापसापेक्षा ही बरी. त्या घरात चादरी-अभ्रे दर आठवड्याला चांगल्या गरम, ६० अंशांच्या पाण्यात धुवा, म्हणजे धुळीतले बारीक किडे मरतात. मेमरी फोम मुलांना नको. मऊ लागतो, महाग असतो आणि मे महिन्यात भाजतो.

खाली स्टोरेज हवंच. हायड्रॉलिक करू का?

मुलाच्या पलंगाला हायड्रॉलिक, म्हणजे गॅसच्या दांड्यावर उचललं जाणारं झाकण, मी करत नाही. गॅसचा दांडा चार-पाच वर्षांत मवाळ होतो, झाकण अचानक खाली येतं, आणि लपाछपीत आत बसलेल्या मुलाला ते आतून उचलता येत नाही. चाकांवरचे उघडे खण करा. मूल स्वतः खेळणी भरतं, किमान भरायला सांगता येतं.

पलंग खोलीत कुठं ठेवायचा?

खिडकीखाली नाही, ग्रिल असली तरी नाही. पडद्याची दोरी, एसीचं पाणी, पावसाची झड, सगळं गादीवर. सॉकेट उशाजवळ असेल तर झाकण लावा. वर भिंतीवर फोटोची जड चौकट किंवा पुस्तकांचं कपाट नको.

पलंग केला, पण मूल झोपतच नाही त्यावर!

यावर सुताराकडे इलाज नाही. आपल्याकडे सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मुलं आजीच्या कुशीत झोपतात आणि त्यानं कुणाचं बिघडलेलं मी तरी पाहिलं नाही. इतकंच सांगतो, पॉलिशचा रंग त्याला निवडू द्या आणि पहिले काही दिवस दुपारची झोप तिथं होऊ द्या. झोप मात्र पुरेशी हवी. तीन ते पाच वर्षांना दिवसरात्र मिळून १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांना ९ ते १२, त्यापुढे अठरापर्यंत ८ ते १०. दहावीचा मुलगा सहा तास झोपतो आणि पलंग बदलून द्या म्हणतात, तेव्हा मी पलंगाचे बोल्ट तपासतो आणि परत जातो.

धाकट्यासाठी थोरल्याचाच पलंग चालेल ना?

का नाही. लहान पाय जपून ठेवले असतील तर घेऊन या, चौकट घासून नवं पॉलिश करून देतो. पाय हरवले असतील तर आमच्याकडे मापं लिहिलेली वही आहे, फोनवर पलंग केल्याचं साल सांगा.